चार सूत बाक

माणूस फळीकडे एक डोळा मिटून बघायला लागला, की घरच्यांनी आपले दोन्ही डोळे उघडे ठेवावेत. फळीचं टोक गालाला लावायचं, एक डोळा मिटायचा आणि पार दुसऱ्या टोकापर्यंत नजर सोडायची, ही सवय एकदा लागली की ती फळीपाशी थांबत नाही. माणूस मग दाराच्या चौकटीकडे तसं बघतो, जेवणाच्या टेबलाकडे बघतो, पाहुण्यांच्या खांद्यांकडे बघतो. मी तर देशी किराणा दुकानात दुधी भोपळे एक डोळा मिटून निवडायला लागलो होतो. गल्ल्यावरच्या बाईंचा गैरसमज झाला. बायकोने भोपळा तिथेच ठेवायला लावून मला बाहेर काढलं, आणि तेव्हापासून भाजी तीच आणते.

याला कारण आमचं कार्पेट. न्यू जर्सीतल्या आमच्या घरात दिवाणखाना या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेटने झाकलेला होता. हळद, चहा आणि मुलाच्या रंगपेट्या यांनी आम्ही त्याचं पुरतं मराठीकरण केलं होतं. ते काढून लाकडी फ्लोअर घालावं असं बायकोने ठरवलं. माप घ्यायला एक माणूस आला, खोलीभर फिरला, आणि जाताना त्याने मजुरीचा आकडा सांगितला. तो ऐकून माझ्यातला सुतार खडबडून जागा झाला. माझ्या आत असा कोणी झोपलेला आहे याची तोवर मलाही कल्पना नव्हती.

मग व्हिडिओ पाहिले. सगळ्या व्हिडिओंत चौकड्यांचा शर्ट घातलेला एक दाढीवाला माणूस गिटारच्या सुरावर दहा-बारा मिनिटांत अख्खी खोली करून टाकतो. त्याच्या फळ्या सरळ, भिंती सरळ, दाढीसुद्धा सरळ. मुख्य म्हणजे त्याच्या खोलीत दुसरं कोणी नसतं. सल्ला द्यायला माणूस नसलेल्या खोलीत काम किती भराभर होतं, हे मला तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

कारण त्याच सुमाराला माझे सासूसासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. सासरे, म्हणजे अप्पा, सांगलीचे. उभी हयात सरकारी बांधकामावर देखरेख करण्यात गेलेली. निवृत्त झाले तरी देखरेख सुटली नव्हती, फक्त बांधकाम मिळत नव्हतं. ते मी पुरवलं.

पहिली ठिणगी लाकडाच्या दुकानातच पडली. रेड ओक हे इथल्या फ्लोअरचं ठरलेलं लाकूड. फळी सव्वादोन इंच रुंद, पाऊण इंच जाड, एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत घालत जायचं, की झालं. निदान दाढीवाल्याचं तसं होत होतं. दुकानदाराने खोलीचं क्षेत्रफळ मांडलं आणि म्हणाला, "याच्यावर पाच ते दहा टक्के जास्त घ्या."

"ते कशाला?"

"वाया जातं. थोडं कापण्यात जातं, काही फळ्या वाकड्या निघतात."

मी अप्पांना भाषांतर करून सांगितलं. अप्पांचा चेहरा उजळला. अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना ओळखीचं काही भेटलं होतं. "वेस्टेज!" ते म्हणाले. "जावईबापू, तीस वर्षं मी हेच ऐकत आलो. प्रत्येक कॉन्ट्रॅक्टर वेस्टेज लावायचा आणि मी लाल शाईने कापायचो. याला म्हणावं, वाकड्या फळ्या तूच ठेव."

एवढं सगळं मी दुकानदाराला सांगितलं नाही. पाच टक्के घेतलं. अप्पांना तेही लागलं, कारण त्यांच्या मते मी शून्यावर आणू शकलो असतो.

आता लाकूड घरी आणलं की लगेच ठोकायचं नसतं. आधी ते घरात ठेवून घराच्या हवेला रुळू द्यायचं असतं. भट्टीत वाळवलेल्या या फळ्यांत साधारण ६ ते ९ टक्के ओलावा असतो, आणि खालच्या प्लायवूडच्या ओलाव्याशी त्याचा फरक इतक्या अरुंद फळ्यांना ४ टक्क्यांच्या आत लागतो. हे मोजायला दोन सुयांचं एक यंत्र मिळतं. मी ते घेतलं, आणि यंत्र हातात आल्यावर माणसाचं जे होतं ते झालं. फळ्यांना टोचलं, जिन्याला टोचलं, पलंगाला टोचलं. पोळपाटाकडे वळलो तेव्हा सासूबाई लाटणं तसंच हातात धरून शांतपणे म्हणाल्या, "त्याला नका टोचू हं."

दिवाणखान्यात फळ्यांचे गठ्ठे रचलेले असल्यामुळे घरादाराचा संसार त्यांच्या कडेकडेने चालू झाला. चहाचे कप गठ्ठ्यावर, मुलाचा गृहपाठ गठ्ठ्यावर, अप्पांचं वर्तमानपत्र, चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्या गठ्ठ्यावर. फळ्या हळूहळू घराला रुळल्या, यंत्राचा आकडा स्थिर झाला. अप्पा मात्र अजून थर्मोस्टॅटशी भांडत होते.

मुहूर्त पाहून गठ्ठे सोडले. आणि मग कळलं की दाढीवाल्याने सगळ्या सरळ फळ्या आधीच नेलेल्या आहेत.

फळीला वाकायचे चार मार्ग मोकळे असतात, आणि आमच्या फळ्यांनी एकही सोडला नव्हता. जमिनीवर ठेवली की मधेच उचललेली, ही पोक आलेली फळी. ती गरीब असते, वरून खिळा बसला की निमूट पालथी पडते. रुंदीत पन्हळ पडलेली दुसरी. सव्वादोन इंचांत पन्हळ पडून पडून किती पडणार? तिसरी पीळ पडलेली. तिचं एक टोक दाबलं की दुसरं सलाम करतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि आमचा तर ओक होता. पण खरी वैरीण चौथी. जमिनीवर सपाट झोपते, चेहऱ्यावर साळसूदपणा, आणि डोळा मिटून कडेने पाहिलं तर तलवार! हा आडवा बाक. शेजारच्या फळीला ही दोन्ही टोकांनी टेकते आणि मधे फट ठेवते, नाही तर मधे टेकते आणि दोन्ही टोकांनी हात वर करते.

अप्पांनी फळ्यांची प्रतवारी सुरू केली. खुर्ची टाकून बसले, नातू एकेक फळी आणून द्यायचा, अप्पा डोळा मिटायचे आणि निकाल सांगायचे. "सरळ." "चालेल." "ही तुझ्या मामाआजोबांची." मामाआजोबांचा ढीग बघता बघता वाढला. एक फळी आधी डावीकडे आणि मग उजवीकडे अशी दोनदा वळली होती. ती अप्पांनी बराच वेळ न्याहाळली, बाजूला वेगळी ठेवली आणि म्हणाले, "हे आपले सोसायटीचे सेक्रेटरी."

"टाकून देऊ या का ही?" मी विचारलं.

खोलीत एकदम शांतता झाली. बायको म्हणाली, "टाकून? पैसे मोजलेत तिचे." सासूबाई म्हणाल्या, "असू दे, कशाला तरी होईल." मराठी घरात एवढ्या दोन वाक्यांवर अख्खे माळे भरलेले आहेत.

मग लाकूड का वाकतं, या प्रश्नाच्या मागे मी लागलो. काम टाळायला अभ्यासासारखं साधन नाही. विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनला अमेरिकन सरकारची लाकडावर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. १९१० पासून तिथे लोक लाकूड भिजवतायत, वाळवतायत आणि मोजतायत. त्यांच्या कोष्टकांनुसार ओलं रेड ओक पूर्ण सुकेपर्यंत वर्तुळांच्या दिशेने ८.६ टक्के आक्रसतं, गाभ्याकडून सालीकडे मात्र ४ टक्केच, आणि लांबीत जवळजवळ आक्रसतच नाही. एकाच फळीची एक बाजू एवढी, दुसरी तेवढी. त्यात रेषा तिरक्या गेलेल्या असल्या, किंवा फळीची एक कड झाड कलतं वाढताना ताणात तयार झालेल्या लाकडाची असली, की ती कड लांबीतही जास्त आखडते आणि फळी त्या अंगाला वळते. हे मी रात्रीच्या जेवणात सगळ्यांना हातवारे करून समजावलं.

सासूबाईंनी वरणाची वाटी पुढे सरकवली. "एका अंगाने जास्त वाळलं की वाकतं," त्या म्हणाल्या. "पापडासारखं. त्याला प्रयोगशाळा कशाला?"

अप्पांना कोष्टकातली एकच ओळ आवडली. सागाची. साग वर्तुळांच्या दिशेने ५.८ टक्केच आक्रसतो, म्हणजे रेड ओकपेक्षा बराच कमी. "बघा!" त्यांनी ताटातूनच बोट रोखलं. "तुमचे सरकारी कागद सांगतायत. साग हलत नाही." सांगलीहून येताना त्यांनी आमच्यासाठी सागाचा चौरंग आणला होता, त्यापायी कपड्यांची एक अख्खी बॅग घरी राहिली होती आणि गेले दोन महिने ते माझे टी-शर्ट घालत होते. त्या दिवसापासून कोणतीही वाकडी फळी हातात आली, की अप्पा कोपऱ्यातल्या चौरंगाकडे नुसते बघायचे. बोलायचे नाहीत. टी-शर्ट माझा असल्यामुळे मीही बोलायचो नाही.

पहिल्या काही ओळींना सगळ्यात सरळ फळ्या गेल्या. दोरी मारून रेघ पाडली, रेघेवर फळ्या बसवल्या, आणि अर्धा दिवस मला वाटत राहिलं की सुतार ही जमात उगीच भाव खाते. त्यानंतर सरळ फळ्या संपल्या आणि मामाआजोबा आले.

पहिलाच वाद तासभर चालला. बाक असलेल्या फळीचं पोट आधीच्या फळीकडे करायचं की पाठ? माझं म्हणणं, टोकं टेकवावीत आणि मधे रेटावं. अप्पांचं म्हणणं, पोट टेकवावं आणि एका टोकाकडून खिळे मारत मारत दुसरं टोक आत ओढावं. त्यांनी कागदावर आकृती काढली. मी दुसऱ्या रंगात काढली. बायकोने माहेरच्या ग्रुपवर मत मागवलं. सांगलीहून दोन, कोल्हापूरहून एक आणि दुबईहून अंगठ्याचं चित्र आलं. शेवटी कंटाळून मुलगा म्हणाला, "पण बाबा, फळी उलटी केली तर जीभ भिंतीकडे जाते ना?"

खरंच होतं. चांगला चेहरा वर, जीभ बाहेर, खाच आत, एवढं पाळलं की फळीला बसण्याची एकच दिशा उरते. पोट कुठे आणि पाठ कुठे, हे तिने कारखान्यातून निघतानाच ठरवलेलं असतं. अप्पांनी आकृती घडी घालून खिशात ठेवली. "तत्त्वाचा प्रश्न होता," ते म्हणाले.

आता वाकडी फळी सरळ करून ठोकायला माणसाला किती हात लागतात, याचा हिशेब. एक हात पहारीला, फळी रेटायला. दोन हात खिळे मारायच्या यंत्राला, कारण ते जड असतं आणि ते जिभेच्या बेचक्यात बरोबर बसवून धरावं लागतं. चौथा हात मोगरीला, त्या यंत्राच्या डोक्यावर हाणायला. शिवाय एक पाय फळीवर आणि एक हवेच्या नळीवर पडणार नाही असा. गणपतीलासुद्धा जेमतेम पुरलं असतं. तर पहार अप्पांकडे दिली.

"मी 'दाबा' म्हटलं की दाबायचं. खिळा बसला की मी 'सोडा' म्हणेन, मग सोडायचं."

"समजलं."

"दाबा."

अप्पांनी पहारीचं टोक प्लायवूडमध्ये रुतवलं आणि दाबलं. फट मिटत आली. मिटली. मी मोगरी उचलली. "जावईबापू," अप्पा म्हणाले, "हा खिळा किती लांबीचा?" आणि प्रश्न नीट विचारता यावा म्हणून त्यांनी पहार सोडली. मोगरी पडली, खिळा बसला, आणि फट जशीच्या तशी कायमची पक्की झाली.

असा खिळा उपटून काढण्याबद्दल मी लिहिणार नाही. जिभेसकट निघतो एवढंच सांगतो.

पुढे मग 'दाबा' आणि 'सोडा' यांच्या मधल्या काळात प्रश्न विचारायचे नाहीत असा करार झाला. अप्पांनी तो पाळला. त्या काळात ते माहिती द्यायला लागले. वारणेच्या काठी त्यांनी पाडायला लावलेल्या एका भिंतीची हकिगत इतकी रंगली, की मी 'सोडा' म्हणालो तरी त्यांनी सोडलं नाही, आणि पुढच्या फळीला जागाच उरली नाही. दर ८ ते १० इंचांवर एक खिळा. प्रत्येक खिळ्याला एक भिंत, एक कॉन्ट्रॅक्टर आणि एक बदली. आमच्या दिवाणखान्याच्या जमिनीत जिल्ह्याच्या बांधकामाचा समग्र इतिहास ठोकलेला आहे.

माणसावर विसंबण्यापेक्षा यंत्र बरं म्हणून मी फळी रेटणारा एक जॅक आणला. लांब दांडा, दातेरी पट्टी, एका टोकाला भिंतीला टेकायची तबकडी, दुसऱ्या टोकाला फळीला लावायचा पंजा. किंमत बायकोला सांगताना मी ती डॉलरमध्ये सांगितली, तिने अप्पांना रुपयांत सांगितली. दांडा ओढला. एक खट्ट झालं, दुसरं खट्ट झालं, आणि फळी तसूभरही न हलता समोरच्या भिंतीत तबकडीच्या आकाराचा खड्डा पडला. इथल्या भिंती जिप्समच्या असतात. भिंतीला फळकूट लावल्याशिवाय जॅक टेकवू नये, असं सूचनांच्या कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद अप्पांनी आकृती काढायला घेतला होता.

अप्पा उठले. मामाआजोबांच्या ढिगातून एक तुकडा उचलला, तिरका कापून दोन पाचरी केल्या. फळीपासून बोटभर अंतरावर एक ठोकळा स्क्रूने प्लायवूडला पक्का केला. ठोकळा आणि फळी यांच्या मधे दोन्ही पाचरी समोरासमोर सारल्या आणि दोन्हीकडून हातोडीने हलके हलके ठोकू लागले. टक. टक. टक. पुलावर रेंगाळलेल्या सरकारी गाडीच्या वेगाने फळी सरकत गेली आणि शेजारणीला चिकटून बसली. ठोकळा धरायला कोणी नको, पहार नको, 'दाबा' नको. पाचर एकदा बसली की तुम्ही चहा पिऊन या, फळी वाट बघते.

उभी हयात सरकारी खात्यात गेलेला माणूस पाचर मारण्यात तरबेज असणारच, असं मी मनातल्या मनात म्हटलं. जॅक गराजमध्ये आहे. कोणाला हवा असल्यास सांगावं.

तरी सेक्रेटरींच्या घराण्यातल्या काही फळ्या पाचरीलाही दाद देईनात. सहा फुटांची एक फळी होती, मधे अर्ध्या इंचाचा बाक. "चार सूत," अप्पा टेप न लावताच म्हणाले. (इंचाचे आठ सूत, हे माप मी त्याआधी फक्त गावच्या सुताराच्या तोंडून ऐकलं होतं.) "कापा मधोमध."

"मग दोन फूट बाक... म्हणजे, दोन सूत राहील ना प्रत्येकात?"

"एक सूत राहील. लांबी निम्मी केली की बाक चौथाई होतो. इंजिनिअर आहात ना?"

मी सॉफ्टवेअरचा आहे, असं मी म्हणालो. ते अप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. फळी कापली, मोजलं, एक सूत! तीन तीन फुटांचे दोन तुकडे, आणि एवढासा बाक तर नुसत्या अंगठ्याने रेटला तरी बसला. मला इतका आनंद झाला, की दिसेल ती फळी मी कापत सुटलो. बायको बाहेरून आली तेव्हा आमच्या घरात सहा फुटी फळी औषधालाही उरली नव्हती.

"हे काय? शाळेतल्या पट्ट्या आहेत का या?"

आखूड तुकड्यांची दुसरी भानगड म्हणजे सांधे. शेजारच्या दोन ओळींतले सांधे एकमेकांपासून निदान ६ इंच दूर हवेत, नाही तर जमीन जिना असल्यासारखी दिसते. तुकडे जितके जास्त तितके सांधे जास्त, आणि सांधे जितके जास्त तितका अप्पांचा उत्साह जास्त. प्रत्येक ओळीआधी ते चार-पाच ओळी सुट्या मांडून बघायचे, काठीने एकेका सांध्यावर टेकवत अंतर मोजायचे. पोलिओच्या लसीकरणासारखा एकही सांधा सुटला नाही. काम त्यामुळे इतकं हळू चाललं, की उन्हाळा संपला, झाडं लाल झाली, आणि आम्ही अजून सोफ्याच्या जागेपर्यंत आलो नव्हतो.

खरोखर हाताबाहेर गेलेल्या फळ्यांसाठी प्रत्येक अमेरिकन घरात एक सोय असते: क्लोजेट. सगळे जाणकार हेच सांगतात. वाकड्यातिकड्या, गाठींच्या, डाग पडलेल्या फळ्या कापून कपाटाच्या आत लावाव्यात. तिथे कोण बघतंय?

"आई बघते," बायको म्हणाली.

आणि बघितलंच. कोणी आलं की सासूबाई पाहुण्यांना दिवाणखाना दाखवण्याआधी कपाटाचं दार उघडून दाखवायच्या. "हे बघा, इतके छोटे छोटे तुकडे जोडलेत त्यांनी! एक वाया घालवला नाही. गोधडीच जणू." पाहुणे कपाटात डोकं घालून वाहवा करायचे आणि दिवाणखान्यातून तसेच जेवायला जायचे. जिच्यासाठी मी कंबर मोडून घेतली त्या जमिनीकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. काम चांगलं झालेलं फ्लोअर कोणाला दिसतच नाही, हा त्या धंद्यातला मोठा अन्याय आहे.

समोरची भिंत जवळ आली तसा नवा घोळ उघडा पडला. लाकूड पावसाळी हवेत फुगतं, म्हणून भिंतीपाशी पाऊण इंच फट मोकळी ठेवायची असते; वरून पट्टी बसली की ती झाकते. ती फट मोजली, तर खिडकीपाशी एक इंच, दाराशी दोन, आणि मधे जेमतेम अर्धा. आम्ही ओळी पुन्हा पुन्हा मोजल्या. ओळी सरळ होत्या. मग अप्पांनी भिंतीला गाल टेकवला आणि एक डोळा मिटला.

"जावईबापू, तुमच्या भिंतीला पोट आहे."

नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. त्या अंगणाची बाजू घेणारं कोणी मला कधी भेटलं नव्हतं.

मी माहिती काढली. इथल्या भिंतींच्या आत लाकडाचा सांगाडा असतो, उभे वासे आणि त्यांवर जिप्समचे तक्ते. वासा सुकताना वाकला की त्याच्याबरोबर तक्ता फुगतो. म्हणजे आमच्या भिंतीत, आम्ही राहायला येण्याच्या कितीतरी आधीपासून, एक मामाआजोबा उभे होते.

"केवढ्याचा वासा?" अप्पांनी विचारलं.

"टू बाय फोर. दोन इंच बाय चार इंच."

त्यांनी गराजमधला असाच एक वासा टेपने मोजला. पुन्हा मोजला. मग टेप माझ्याकडे दिला. "दीड बाय साडेतीन आहे."

"हो, म्हणजे, नावाला दोन बाय चार. रंधून, सुकून दीड बाय साडेतीन होतो. तसाच नियम आहे."

"नियम आहे?" अप्पा खाली बसले. "सरकारला माहीत आहे?" तीस वर्षांतले सगळे कॉन्ट्रॅक्टर त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावेत. एकाचंही हे धाडस झालं नव्हतं. मोठ्या आदराने त्यांनी तो वासा परत जागेवर ठेवला. सांगलीला फोन लावून त्यांनी ही हकिगत निदान चार जणांना सांगितली, आणि प्रत्येक वेळी शेवटी, "आणि लाल शाई चालत नाही इथे!"

भिंत काही पाडता येत नव्हती, तेव्हा शेवटची ओळ भिंतीप्रमाणे कापायची ठरली. फळी उभी चिरायची, इकडे जास्त, तिकडे कमी, मधे पोटाला जागा देऊन. मी मापं घेत होतो, तोवर बायको ढिगातून काहीतरी घेऊन आली. सेक्रेटरी. आधी डावीकडे, मग उजवीकडे. तिने ते भिंतीला लावून पाहिले. एका कडेला जरासं तासल्यावर ते भिंतीच्या पोटाला असे बसले, की जणू दोघांची आधीपासून बैठक ठरलेली होती.

"टाकून देत होतास ना?" बायको म्हणाली.

पूर्ण झालेल्या जमिनीवर सत्यनारायण घालायचा, हे सासूबाईंनी फार आधी ठरवून ठेवलं होतं. त्यांच्या परतीच्या तिकिटाआधी, कार्तिकी पौर्णिमेच्या जवळचा शनिवार धरला. आमचे गुरुजी आठवडाभर एका कंपनीचे डेटाबेस सांभाळतात आणि शनिवारी-रविवारी पूजा सांगतात. त्यामुळे पूजा वेळेवर सुरू होते आणि सामानाच्या यादीला आवृत्ती क्रमांक असतो. पंधरा-वीस मंडळी जमली. बाहेर कडाक्याची थंडी, आत महिनाभर हीटिंग चालू, हवा इतकी कोरडी की दाराच्या मुठीला हात लावला तर झटका बसावा. खोलीच्या मधोमध अप्पांनी स्वतःच्या हाताने सागाचा चौरंग मांडला. गुरुजींनी त्यावर कलश ठेवला आणि हात काढला.

कलश डुलला.

गुरुजींनी चौरंगाचा कोपरा दाबला. ठक. दुसरा दाबला. ठक. "जमीन वर-खाली आहे वाटतं इथे," ते सहजपणे म्हणाले.

इतके महिने ज्या जमिनीकडे कोणी पाहिलं नव्हतं, तिच्याकडे आता पंधरा-वीस मंडळी एकदम पाहू लागली. दोघा-तिघांनी तर एक डोळा मिटला. मी काही बोलायच्या आत अप्पा उठले, सोवळ्यासकट गराजमध्ये गेले आणि लेव्हल घेऊन आले. जमिनीवर उभी धरली, आडवी धरली, तिरकी धरली. बुडबुडा मधोमध. "जमीन ओळंब्यात आहे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. जमिनीला ओळंबा नसतो, पण त्या आवाजापुढे ते सांगायची कोणाची छाती नव्हती. "प्रत्येक खिळा माझ्या डोळ्यांदेखत बसलाय."

"मग चौरंग?" गुरुजींनी विचारलं.

चौरंग उचलून स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर नेला. ठक. जेवणाच्या टेबलावर ठेवला. ठक. अप्पांनी तो उचलला, कड गालाला लावली, एक डोळा मिटला आणि बराच वेळ उघडला नाही. समोरासमोरचे दोन कोपरे चांगले सूतभर वर उचलले होते.

"साग आहे," ते हळूच म्हणाले.

"पापड," सासूबाई म्हणाल्या.

गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांची पुढची पूजा एडिसनला होती. अप्पांनी चौरंग पुन्हा जागेवर ठेवला, गुडघ्यांवर बसले, डुगडुगणाऱ्या पायाखालची फट करंगळीने अजमावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावईबापू, ते वेस्टेज... त्यातला एखादा तुकडा आहे का हो?"

बायको गराजकडे निघालीसुद्धा होती.